बनावट संगणक-संरक्षक आज्ञावली

बनावट संगणक-संरक्षक आज्ञावली : संगणकाला व्हायरसची बाधा झाल्याचा खोटा इशारा देऊन ती दूर करण्याच्या निमित्ताने पैसे उकळणारी फसवी आज्ञावली. इतर अपायकारक आज्ञावली बहुधा संगणकातील उणिवांचा फायदा घेतात. ही मुख्यतः वापरणाऱ्याच्या भीतीचा घेते. संगणक सुरक्षित राहावा म्हणून काळजी करणारा मनुष्यच तिच्या जाळ्यात सापडतो व ती स्वतःच्या हाताने संगणकात बसवितो.

पार्श्वभूमी : लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ मध्ये फ्लॉपींद्वारे जगभर पसरला. त्यानंतर व्हायरस ओळखून काढून टाकणाऱ्या आज्ञावलींचा व्यवसाय उदयास आला. महाराष्ट्रात पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९५ मध्ये ‘क्विक हील’ ही आज्ञावली विक्रीस आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून भारतात सर्वसामान्यांना इंटरनेटची सेवा मिळू लागली. व्हायरसवर उपाय विकत घ्यावा लागतो, ही समजूत अशा खऱ्या उत्पादनांमुळे रूढ झाली. ठकांनी पुढे तिचाच लाभ घेतला.

प्रसार : अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २००४ मध्ये ‘स्पाय वायपर’ व ‘स्पाय डिलीटर’ यांच्या प्रसाराविरुद्ध दावा दाखल केला. त्यातील प्रकारात संगणकाचा सीडीचा कप्पा आपोआप उघडे व तो उघडला असल्यास संगणक धोक्यात आहे, असा इशारा पडद्यावर येई. उपाय म्हणून देऊ केलेल्या आज्ञावलीची किंमत सु. ३० डॉलर होती. डिसेंबर २००८ मध्ये आयोगाने ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ इ. नावांनी चाललेल्या विक्रीविरुद्ध कारवाई केली. तीत फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे आयोगाने म्हटले. २००९ मध्ये ‘कॉन्फिकर’ या व्हायरसच्या एका प्रकाराने बाधित संगणकांत ‘स्पायप्रोटेक्ट २००९’ ही बनावट आज्ञावली उतरविली. गूगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा फसवणुकीत गुंतलेली ११,००० हून अधिक संकेतस्थळे आढळली.

रूपांतर : २०११ च्या सुमारास अशा विक्रीचे पैसे कार्डाद्वारे स्वीकारणाऱ्या मध्यस्थांवर कारवाई झाली, तर २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून व्हायरसविरोधी संरक्षण संगणकाच्या मूळ प्रणालीतच अंतर्भूत झाले. त्यामुळे जुन्या प्रकाराला उतार पडला. परंतु फसवणूक थांबली नाही. पडद्यावरील इशाऱ्यात आता दूरध्वनी क्रमांक दिसू लागला व त्यावर बोलणारा ‘तंत्रज्ञ’ दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाचा दूरस्थ ताबा घेऊ लागला. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या अशा सहा प्रकरणांतील बहुतेक सूत्रचालक भारतात होते. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींनंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात अशा केंद्रांवर छापे घातले.

ग्रामीण भागातील स्वरूप : महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ नंतर तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचला व संगणक शहराबाहेरच्या घरांतही आला. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके या बदलाच्या परिघातले. महाड ही सावित्रीकाठची जुनी बाजारपेठ व औद्योगिक वसाहतीचे ठिकाण. पोलादपूर महाबळेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले. येथील अनेक कुटुंबांतील मिळवती माणसे मुंबईत असतात. अशा परिस्थितीत घरचा संगणक अनेकांच्या हाताखालचा, इशारा बहुधा इंग्रजीत आणि सल्ला देणारा जाणकार दूर, असा योग जुळून येतो. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग हे समुद्रकिनारी असल्याने तक्रारीसाठी तेथवर जाणे हाही पूर्वी एक दिवसाचा खर्च असे. बँकखाते संगणकाशी जोडले गेल्यावर एका चुकीच्या कळीने सबंध कुटुंबाच्या बचतीला धोका पोहोचू लागला.

निवारण : खोटा इशारा दिसताच त्यावरील कोणतीही कळ, ‘रद्द करा’ हीसुद्धा, न दाबता इंटरनेटची जोडणी तोडणे व संगणक बंद करणे इष्ट असते. जुन्या बनावट आज्ञावली खऱ्या अँटिव्हायरसची संकेतस्थळे उघडू देत नसत. म्हणून दुसऱ्या संगणकावरून खरे साधन सीडीवर अथवा पेन ड्राइव्हवर आणून, संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून तपासणी करावी लागे. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून अशी साधने विनामूल्य उपलब्ध केली. दूरस्थ ताबा दिला गेला असल्यास दुसऱ्या यंत्रावरून परवलीचे शब्द बदलणे व बँकेला तत्काळ कळविणे आवश्यक ठरते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकावर व त्यानंतरचे बँकेवर टाकले. त्यामुळे विलंबाचा प्रत्येक तास महत्त्वाचा ठरला. पुढे १९३० या हेल्पलाइनमुळे घरबसल्या तक्रार शक्य झाली व अलिबागचे अंतर उरले नाही. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ घ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

संगणकाचे संरक्षण जसजसे पक्के झाले, तसतसा फसवणुकीचा रोख यंत्राकडून माणसाकडे वळला, असे या इतिहासावरून दिसते. फसलेल्या व्यक्तीस लाज वाटून ती गप्प राहिल्यास ठकांचे फावते. घरच्यांना व बँकेला विनाविलंब सांगणे हाच नुकसान रोखण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग होय.