मॉडेल विमानाच्या इंजिनात मिथेनॉलऐवजी दुसरं इंधन चालतं का?

छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांची छोटी इंजिनं बहुधा मिथेनॉलवर चालतात. पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत दीपक फर्टिलायझर्सने हे रसायन बनवलं आहे. पण ते जीवघेणं विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर कायद्याची बंधनं आहेत. म्हणूनच पर्यायाचा प्रश्न येतो.

मिथेनॉलच का?

या 'ग्लो' इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त बारीक तार असते. सुरुवातीला ती बॅटरीने तापवतात. नंतर बॅटरी काढली तरी ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉल-प्लॅटिनमची रासायनिक क्रिया यांमुळे ती तापलेली राहते. इंधनात साधारण २० टक्के एरंडेल किंवा कृत्रिम तेल असतं. काही मिश्रणांत नायट्रोमिथेनही घालतात.

इथेनॉल चालेल?

प्रयोग म्हणून चालू शकतं, पण भरवशाचं नाही. १ किलो मिथेनॉल जळायला सुमारे ६.५ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. त्यामुळे कार्ब्युरेटरची सुई नव्याने बसवावी लागते. शिवाय प्लॅटिनमशी त्याची क्रिया मंद असल्याने कमी वेगात इंजिन बंद पडू शकतं.

पेट्रोल किंवा डिझेल?

ग्लो इंजिनात थेट पेट्रोल भरू नका. प्लग तापलेला राहत नाही. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे वंगण न मिळून इंजिन जाम होण्याचा धोका असतो. पेट्रोलच हवं असेल तर स्पार्क प्लगचं इंजिन आणि टू-स्ट्रोकचं तेल घ्या. पंपावरच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून उड्डाणानंतर टाकी रिकामी करा.

'मॉडेल डिझेल' हे पंपावरचं डिझेल नव्हे. ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण असतं. दाब वाढला की ते आपोआप पेटतं. मात्र ईथर अत्यंत ज्वालाग्राही आहे.

मग सोपा पर्याय कोणता?

नवशिक्यांसाठी बॅटरीवरची मोटर. इंधन हाताळावंच लागत नाही. फक्त लिथियम बॅटरी चार्ज होताना तिच्यावर लक्ष ठेवा.

काय लक्षात ठेवाल?

• मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.
• नळी तोंडाने ओढून इंधन काढू नका. मिथेनॉल पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. उशिराने दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो.
• ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन नसतो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये तो २०० फुटांपर्यंतच असतो. नवी मुंबई विमानतळ जवळ असल्याने पनवेलकरांनी डिजिटल स्कायचा नकाशा पाहूनच मैदान निवडावं.