ट्रान्सकोनाचे कोठार आणि त्याखालची माती

मातीलाही इतिहास असतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहरात मात्र इमारत उभी राहिली की पाया जमिनीत गडप होतो आणि माणसे त्याला विसरतात. आज ज्या पायाची हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे, तो कॅनडातील विनिपेग शहराजवळचा, ट्रान्सकोना येथला. ह्या विनिपेगचे नाव आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना १९१९ च्या सार्वत्रिक संपामुळे ठाऊक. ही गोष्ट त्याच्या सहा वर्षे आधीची.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने तेथे १९११ साली गव्हाचे एक प्रचंड कोठार बांधावयास घेतले व १९१३ च्या सप्टेंबरात ते पुरे झाले. काँक्रीटच्या ६५ गोल कणग्या, ९२ फूट उंच; आणि त्या सर्वांखाली ७७ फूट रुंद, १९५ फूट लांब व अवघा २ फूट जाड असा काँक्रीटचा तक्ता. रिकाम्या कोठाराचे वजनच २०,००० टन. मग गहू भरू लागले. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी पावणेनऊ लाख बुशेल गहू आत असताना कोठार खचू लागले. तासाभरात ते फूटभर खाली गेले, नंतर पश्चिमेकडे कलले, आणि चोवीस तासांच्या आत जवळजवळ २७ अंशांनी कलून थांबले. नवल हे की कणग्या शाबूत राहिल्या. वरचे काम चोख होते. उणे होते ते खाली.

अशा वेळी आपण आधी गुन्हेगार शोधतो, आणि पुष्कळदा तो सापडतोही. येथे मात्र बांधणाऱ्यांनी मातीची परीक्षा घेतली होती. पायाच्या खड्ड्यात लहान पाटी ठेवून तिच्यावर वजन चढविले, तेव्हा माती दर चौरस फुटाला चार-पाच टन पेलील असे दिसले. प्रत्यक्ष भार सुमारे तीन टनांचाच होता. मग चुकले कोठे? पावसानंतर वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यावरून पोर धावत जाते, आणि तेथेच भरलेली बैलगाडी रुतते. लहान पाटीचा दाब वरच्या हात-दोन हात मातीतच जिरतो. ७७ फूट रुंदीच्या तक्त्याचा दाब खोलवर पोचतो. तेथे वरच्यापेक्षा मऊ चिकणमाती होती. हिमयुगाच्या अखेरीस त्या प्रदेशात ॲगासी नावाचे अफाट सरोवर पसरले होते; त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ.

कोठार पुढे सरळ करण्यात आले. गहू उतरविला, कललेल्या धुडाखाली विहिरी खणून खालच्या खडकापर्यंत काँक्रीटचे खांब नेले, आणि जॅक लावून १९१४ साली ते उभे केले. पूर्वीपेक्षा सुमारे १४ फूट खोल. ही योजना आखणाऱ्या अभियंत्यांची वाहवा झाली ती योग्यच. परंतु वीस हजार टनांच्या कललेल्या वजनाखाली कुदळ घेऊन उतरणे म्हणजे काय, हे ज्याने खाणीत किंवा गोदीत काम केले आहे त्यालाच कळेल.

माती मोजण्याचे शास्त्र तेव्हा जवळजवळ नव्हतेच. कार्ल टेरझागी यांनी इस्तंबूलमध्ये शिकवीत असताना साध्या साधनांनी प्रयोग केले, १९२५ साली त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला, आणि मग विद्यापीठांतून ह्या विषयाचे संशोधन सुरू झाले. त्यांचे सहकारी राल्फ पेक यांचा जन्म १९१२ चा, आणि तोही विनिपेगचाच. कोठार कलले तेव्हा ते सव्वा वर्षाचे होते. पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक असताना १९५१ साली कोठाराजवळ छिद्रे पाडून मातीचे नमुने काढण्यात आले व प्रयोगशाळेत तपासले गेले. नव्या सिद्धान्ताने त्या मातीची शक्ती काढली, तेव्हा आलेला आकडा कोठार कोसळले त्या भाराच्या अगदी जवळ होता. एवढा मोठा प्रयोग कोणत्या विद्यापीठाला परवडला असता? तो आपोआप घडला होता. अडतीस वर्षे कोणी त्याचे उत्तर लिहून घेतले नव्हते.

पेक व ब्रायंट यांचा हा हिशेब १९५३ साली ‘जिओटेक्निक’ ह्या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी तेथेच व्हाइट नावाच्या गृहस्थांचा लेखही आला. १९१३ साली कोठार कलताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.