दुगाडचं जुनं देणं



गेल्या डिसेंबरात एक जुनं देणं फेडून आलो. पैशाचं नव्हे, शिकवण्याचं. ही हकीगत त्याचीच आहे.

माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. पहिलं इंग्रज-मराठे युद्ध हा माझा आवडता धडा. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज शरण आले, हे सांगताना आवाज आपोआप चढायचा. मग एका दमात १७८२ चा सालबाईचा तह, आणि धडा संपला! मधल्या तीन वर्षांत काय झालं, याची चौकशी ना मुलं करत, ना मी.

एकदा मात्र एकाने केली. दुगाडकडचा मुलगा, मामाकडे राहून शिकत होता. उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमचे आजोबा सांगतात, आमच्या गावाला गोऱ्यांशी लढाई झाली होती." मी म्हणालो, "ऐकीव गोष्टी सोड. परीक्षेला येत नाही ते." वर्ग हसला. तो खाली बसला आणि वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास सावकाश वाचायला घेतला. त्यात दुगाड निघालं! पुस्तक मिटून किती तरी वेळ तसाच बसून राहिलो.

झालं होतं असं. १७८० च्या नोव्हेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसईला वेढा घातला. वसईच्या मदतीला येणाऱ्या मराठी फौजेला अडवायचं काम हार्टले या अधिकाऱ्याकडे होतं. हा तोच हार्टले, ज्याने वडगावच्या माघारीत इंग्रजांची पिछाडी सांभाळली होती. तो दुगाडला मुक्काम करून राहिला. मराठ्यांचे सरदार होते रामचंद्र गणेश कानडे. १० डिसेंबरपासून हल्ले सुरू झाले. ११ तारखेला तिकडे वसई पडली. १२ तारखेला पहाटे दाट धुकं होतं. त्याचा फायदा घेऊन रामचंद्र गणेश इंग्रजांच्या बगलेवर चालून गेले. पण हार्टलेने रात्रीतच त्या बाजूला तोफा चढवून ठेवल्या होत्या. ऐन वेळी धुकं विरलं, समोरून तोफांचा मारा सुरू झाला, आणि रामचंद्र गणेश तिथेच पडले. फौज मागे फिरली.

मला जास्त लागलं ते वेगळंच. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेत अंजूरच्या गंगाजी नाईकांनी केलेली खटपट आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. अंजूर आमच्या पूर्णा गावापासून जवळच. म्हणजे वसई मिळवायची खटपट आमच्या भिवंडी तालुक्यातली, आणि वसई वाचवायची शेवटची झुंजही ह्याच तालुक्यातली. पहिली गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगितली, दुसरी सांगणाऱ्याला खाली बसवलं. जिंकलेलं तेवढं आपलं, हरलेलं ते ऐकीव! पुढे सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

असो. ओळखीतून त्या मुलाचा फोन नंबर मिळवला. 'मुलगा' म्हणजे आता तोही आजोबा झालाय. "या गुरुजी, फाट्यावर उभा राहतो," एवढंच म्हणाला.

पंचाहत्तरी उलटल्याने एस.टी. मला मोफत. सकाळी गोदामांच्या ट्रकांमधून वाट काढत भिवंडी स्टँड गाठला, वाड्याकडे जाणारी गाडी धरली आणि दुगाड फाट्यावर उतरलो. तो खरंच उभा होता. शेतांवर पातळ धुकं होतं आणि वर गुमताऱ्याचा डोंगर. गावातून चालत पायथ्यापर्यंत गेलो. माझे गुडघे त्यापुढे काही तयार होईनात. मग एका बांधावर बसून मी त्याला तो सगळा धडा सांगितला, तारखांसकट. चाळीसेक वर्षं उशिरा. शेवटी म्हणालो, "तुझे आजोबा खरं सांगत होते. मी चुकलो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा असते तर त्यांना आवडलं असतं." एवढंच. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याने पिशवीतून थर्मास काढला.

मंडळी, मुंबई-ठाण्याहून एका दिवसात जमण्यासारखी ही भटकंती आहे. गाडी लागत नाही. ठाण्याहून किंवा कल्याणहून भिवंडी, तिथून वाडा रस्त्याने दुगाड फाटा. गडावर पडका दरवाजा नि पाण्याची टाकी आहेत. चढ दमवणारा आहे, दोन-अडीच तास धरा, पाणी भरपूर घ्या आणि गावातला माणूस सोबत न्या. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. माहुलीसाठी लोक आसनगावला लोकलने जातातच, आणि जावंही. तिथेही १६७० मध्ये मराठ्यांचा पहिला हल्ला फसला होता, गड नंतर मिळाला. तेही मुलांना सांगा.

आणि हो, वाटेत कुणी म्हातारा काही सांगू लागला, तर थांबून ऐका. परीक्षेला येत नसलं तरी.