तिजोरी किती मिनिटांची? घरातली बंदूक आणि लोखंडी पेटीचा इतिहास

अमेरिकेत घरी बंदूक ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक तिजोऱ्यांच्या दाराच्या आतल्या बाजूस 'यूएल' या चाचणी संस्थेची लहानशी पट्टी लावलेली असते. पेटी 'निवासी सुरक्षा पेटी' या श्रेणीत उतरल्याची ती खूण. या श्रेणीची मूळ चाचणी अशी : एक माणूस, हातोडी, छिन्नी, पेचकस, पटाशी अशी साधी हत्यारे, आणि प्रत्यक्ष घाव घालण्याची ५ मिनिटे. तेवढ्यात दार उघडले नाही, तर पेटी उत्तीर्ण.

शेकडो किलोंचे पोलाद आणि हमी मात्र ५ मिनिटांची, हे प्रथम ऐकणाऱ्याला फसवणुकीसारखे वाटते. वस्तुतः तिजोरीच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक विधान तेच असावे. 'ही पेटी फुटणारच नाही' असे सांगणाऱ्यांची काय गत झाली, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये जावे लागते.

१७८४ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप आव्हान म्हणून मांडण्यात आले. जो कारागीर ते किल्लीवाचून उघडण्याचे साधन तयार करील, त्यास २०० गिनी बक्षीस. कुलपात १८ सरकत्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टी नेमक्या खोलीपर्यंत दाबली गेल्याखेरीज ते उघडत नसे. अनेक दशके ते तसेच मिटलेले राहिले. ब्रामा स्वतः १८१४ मध्ये निवर्तला. कुलूप खिडकीतच होते.

दुसरे नाव चब यांचे. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली, तेव्हा सरकारने नव्या कुलपासाठी स्पर्धा जाहीर केली. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये दिलेल्या उत्तरात मोठी कल्पकता होती. आतील एखादी पट्टी परक्या हत्याराने गरजेपेक्षा जास्त उचलली गेली, की कुलूप अडकून बसे. मालकाने आपली किल्ली लावताच कुणीतरी हात लावला होता हे त्याला कळे. बंदीजहाजावरील एका कैद्याला, जो मूळचा कुलूपकारागीर होता, हे कुलूप उघडल्यास माफी देऊ केली होती. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

१८५१ चे जागतिक प्रदर्शन पाहण्यास सारे जग लंडनला लोटले, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका कुलूप कंपनीचा प्रतिनिधी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स हाही तेथे आला. त्याने साक्षीदारांसमोर चब यांचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. गंमत अशी, की चोर पकडण्यासाठी बसवलेला खटकाच त्याला माहिती पुरवत होता. कुलूप अडकले, म्हणजे अमुक पट्टी जास्त उचलली गेली, एवढे त्याला पुरे होते. मग ब्रामाचे कुलूप. त्याला १६ दिवसांत विभागलेले सुमारे ५१ तास लागले. २०० गिनी त्याला मिळाल्या. एवढी मोकळीक आणि एवढी साधने कोणत्या चोराला मिळतील, अशी तक्रार ब्रामाच्या वारसांनी केली. ती खोटी नव्हती. पण तिच्यातच एक कबुली दडलेली होती. वाद आता 'उघडते की नाही' असा उरलाच नव्हता, 'किती वेळात' एवढाच उरला होता.

कुलपांची ही चर्चा ओसरते न ओसरते तोच १५ मे १८५५ रोजी तिसराच धडा मिळाला. लंडनहून फोकस्टनकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीतून पॅरिसला सोने चालले होते. सुमारे १२,००० पौंड किमतीचे ते सोने चब कुलपांच्या लोखंडी तिजोऱ्यांत होते. ते पळवले गेले, आणि एकही कुलूप फुटले नाही. एडवर्ड एगर आणि त्याचे साथीदार यांच्याजवळ किल्ल्याच होत्या. कंपनीतील एका कारकुनाने तिजोरीच्या किल्ल्या क्षणभर बाहेर आणल्या आणि मेणावर त्यांचा ठसा उमटला. फोकस्टनच्या कचेरीत दुसरी किल्ली एका फडताळात असे. बोट लागली की कर्मचारी धक्क्याकडे जात, आणि फडताळाची चावी फडताळालाच लटकत राही. गाडीत सोने काढून पेट्यांत वजनासाठी शिशाचे छर्रे भरले गेले, तेच छर्रे जे बंदुकीत घालतात.

घरी शस्त्र ठेवणाऱ्याने या सर्व प्रकरणांतील एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. बँकेच्या तिजोरीचा वैरी बाहेरून येतो. बंदुकीच्या पेटीला मात्र घरातल्याच माणसांपासून, विशेषतः कुतूहलाने भरलेल्या मुलांपासून, शस्त्र दूर ठेवायचे असते; आणि कपाटावरच्या डब्यातली किल्ली कुठे आहे, हे घरातल्या मुलाइतके कुणालाच ठाऊक नसते. अंकांचे कुलूप घेतले आणि त्यावर घरातल्या कुणाची जन्मतारीख लावली, तर तेही फडताळाला लटकलेली चावीच ठरते.

फेब्रुवारी १८६५. लंडनच्या कॉर्नहिल भागातील वॉकर नावाच्या जवाहिऱ्याचे दुकान. रात्रभर आत गॅसचा दिवा जळे आणि लोखंडी दारांना भोके ठेवलेली, जेणेकरून गस्तीच्या शिपायाला तिजोरी दिसावी. चोर शेजारच्या गाळ्यातून, खालच्या बाजूने शिरले. शिपाई जवळ आला की बाहेरचा साथीदार इशारा करी, आत काम थांबे. तो गेला की पुन्हा सुरू. मिल्नर कंपनीच्या नामांकित तिजोरीच्या दाराच्या फटीत एकामागून एक पोलादी पाचरी ठोकून ते उचकटण्यात आले. सुमारे ६,००० पौंडांचा ऐवज गेला. कुलपाला कुणी हातही लावला नव्हता.

वॉकरने तिजोरीकारावर दावा लावला, आणि न्यायालयात साक्षीला आला तो शिक्षा भोगत असलेला दरोडेखोर टॉमस केसली! तिजोरी कशी फोडतात हे तज्ज्ञाच्या थाटात तो सांगत होता. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मात्र त्यानंतर तिजोरीकारांचे लक्ष कुलपावरून दाराच्या कडांकडे वळले. पाचर शिरणार नाही अशी चौकट आणि चौकटीत गुंतणारे दांडे यांची चढाओढ सुरू झाली. आजही बंदुकीची पेटी निवडताना अनुभवी माणूस दाराला किती दांडे आहेत हे मोजत बसत नाही. दार आणि चौकट यांतली फट, पत्र्याची जाडी आणि तळाला जमिनीत ठोकण्यासाठी ठेवलेली भोके पाहतो. जमिनीला न जखडलेली हलकी पेटी दोन माणसे आडवी पाडतात. आडवी पडलेली पेटी पटाशीने उचकटणे फार सोपे. नाहीतर सरळ टेम्पोत घालून नेता येते.

आगीचा प्रश्न वेगळा, आणि इथेच खरेदीदाराची सर्वाधिक गल्लत होते. उष्णतेने पाणी सोडणारा पदार्थ भिंतीत भरला तर आतला कागद वाचतो, ही युक्ती टॉमस मिल्नरने १८४० च्या सुमारास तुरटी वापरून व्यवहारात आणली. आज बहुधा जिप्समचे तक्ते असतात. पण जिप्सम चोराला अडवत नाही. जाड दिसणाऱ्या दारात पोलाद पातळ आणि भराव जास्त, असेही असू शकते. शिवाय भरावातला ओलावा बंद पेटीत नळीवर गंज धरवतो. कोकणात किंवा मुंबईत, जेथे चार महिने भिंतीही घाम गाळतात, तेथे ही बाब क्षुल्लक नव्हे.

याच मुंबईत १८९७ साली वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी लालबागमध्ये कुलपे घडवायला सुरुवात केली. शहरात वाढलेल्या घरफोड्यांच्या बातम्यांनी त्यांचे लक्ष या धंद्याकडे वेधले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते तिजोऱ्यांकडे वळले. १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटाने मुंबई बंदर पेटले, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत निघाल्याचे कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. 'गोदरेजचे कपाट' हा मराठी घरातला शब्द झाला तो त्याच नावामुळे. बंदुकीसाठी मात्र ते कपाट अपुरे. पातळ पत्रा पटाशीपुढे ५ मिनिटेही टिकत नाही, आणि त्याची किल्ली साड्यांच्या घडीखाली असते हे जगजाहीर आहे.

हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू लागला. १९५९ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी ती चौकट पुढे चालवली. कायद्याचे लक्ष दीर्घकाळ बंदूक कुणाकडे असावी यावर राहिले. घरात ती कुठे असावी, हा प्रश्न बहुधा घरमालकावरच सोपवलेला असे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रानडुक्कर आणि माकडांपासून पीक वाचवण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. ही बंदूक पिढ्यान्‌पिढ्या माजघराच्या खुंटीवर किंवा माळ्यावर राहत आली. अशा घरात महागडी तिजोरी येणार नाही हे उघड आहे. पण भिंतीत जखडलेली साधी लोखंडी पेटी, दारू आणि छर्रे दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली परवानाधारकाच्या कमरेला, एवढे तिथेही जमण्यासारखे आहे. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, पावती मिळते, आणि निकालानंतर त्या घरी परततात, पुन्हा त्याच खुंटीवर.