देवळ्यातील घराण्यांची वंशावळ आणि आडनावे

नाशिक जिल्ह्यातील देवळ्याच्या शेतकरी घराण्याची वंशावळ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेताना नुसते आडनाव पुरत नाही. आहेर, देवरे, निकम, पगार, शेवाळे ही आडनावे कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा भागात, अनेक गावांत आढळतात. एकाच गावातही त्याच आडनावाच्या वेगवेगळ्या भाऊबंदक्या असतात. म्हणून गाव, वडिलांचे नाव आणि जमीन या तिन्हींची सांगड घालावी लागते.

आधी दप्तर कुठले ते ठरवावे लागते. देवळा स्वतंत्र तालुका झाला तो १९९९ मध्ये. त्याआधी हे गाव कळवण तालुक्यात होते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये स्थापन झाला आणि त्यापूर्वी बागलाण-कळवणचा मुलूख खानदेशात मोडत असे.

शोध आजच्या सातबाऱ्यापासून सुरू होतो. त्यावरील फेरफार क्रमांकांवरून वारसनोंदी मिळतात. ही साखळी १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरची आहे. जोडीला कोतवाल बुक म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४) आणि शाळेचे जनरल रजिस्टर असते. जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी राज्यभर अशीच दप्तरे चाळली गेली.

या कागदांत माणसाची ओळख बहुधा बापाच्या नावाने होते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव कधी येते, कधी गळते. ‘पाटील’ हे तर मुळात वतनी पद. १८७४ च्या वतन कायद्यानुसार वतनदारांची नोंद ठेवली जाई. त्यामुळे वतनदार घराण्यांच्या शाखा कागदोपत्री सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. १९६३ च्या आरंभी वंशपरंपरागत पाटीलकी संपली, पण नावामागचे ‘पाटील’ टिकले. त्यामुळे एकाच घराण्यात कोणी आहेर, तर कोणी पाटील लावतो.

सरकारी दप्तराबाहेरचा मोठा आधार म्हणजे नाशिकच्या रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या यजमानाचे गाव, आडनाव, बाप, आजा, भाऊ यांची नावे त्यांत उतरवलेली असतात. ज्या कुटुंबाकडे जमीन नव्हती, त्याचा माग कधीकधी इथेच लागतो.

आडनावाचे मूळ हा वेगळा प्रश्न आहे. आहेर हे नाव अहिराणी बोलीप्रमाणे प्राचीन आभीरांशी जोडले जाते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळाचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. मात्र त्यावरून आभीरांची या भागातली सत्ता तेवढी सिद्ध होते. आजच्या एखाद्या कुटुंबाशी त्यांचे रक्ताचे नाते ठरत नाही. घराण्याची जवळीक तपासताना देवक अधिक कामाचे असते, कारण समान देवकाच्या कुळांत सोयरीक होत नाही. देवक आणि कुलदैवत जुळले, आणि कागदावर समान पूर्वजही सापडला, तरच दोन घरे एका कुळीची मानता येतात.