मेमरीज (जपानी ॲनिमेशनपट, १९९५)

तीन स्वतंत्र विज्ञानकथांचा हा जपानी चित्रपट डिसेंबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. तिन्ही कथा 'अकिरा'चे दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांच्या. पहिलीत अंतराळातले भंगार गोळा करणारे पथक एका ऑपेरा गायिकेच्या आठवणींच्या महालात अडकते (दिग्दर्शन कोजी मोरिमोतो, पटकथा सातोशी कोन). दुसरी तेनसाई ओकामुरांची, विनोदी: सर्दीवरची समजून भलतीच गोळी घेतलेल्या प्रयोगशाळेतल्या तरुणाच्या अंगाच्या वासाने माणसे कोसळतात आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

खरी पाहावी ती तिसरी, खुद्द ओतोमोंनी केलेली. जपानी नावाचा अर्थ 'तोफांचे शहर'. एका कुटुंबाचा एक दिवस, जवळजवळ अखंड एकाच दृश्यात. वडील तोफ भरायला जातात, आई गोळ्यांच्या कारखान्यात, मुलगा शाळेत तोफांचेच गणित शिकतो. चलथाणच्या साखर कारखान्यात पाळी केलेल्यांना दमून घरी येणारा हा बाप ओळखीचा वाटेल. शत्रू मात्र कधीच दिसत नाही. आपण कोणाशी लढतोय, असे मुलगा विचारतो; मोठा झालास की कळेल, एवढेच बाप सांगतो.

पहिल्या कथेत मृत्यूचे प्रसंग आहेत. 'कार्टून' म्हणून लहानग्यांना एकटे बसवू नये.