घटिकापात्रापासून पाणबुड्याच्या घड्याळापर्यंत

अलीकडे लग्नसराईत तालुक्याच्या गावी गेले की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पाहुण्यारावळ्यांत एखाद्याच्या मनगटावर भले दांडगे पोलादी घड्याळ असते. तबकडी काळीभोर, काटे जाड, त्यांवर अंधारात चमकणारा रंग, आणि भोवती आकडे कोरलेले एक फिरते कडे. खरे असेल तर किंमत काही लाखांच्या घरात. नक्कल असेल तर बाजारच्या दिवशी पाचपन्नास रुपये घासाघीस करून मिळणारी. दोन्ही लांबून सारखीच दिसतात. या घड्याळाचे मूळ नाव आहे पाणबुड्याचे घड्याळ. खोल समुद्रात उतरणाऱ्या माणसासाठी ते जन्माला आले.

आता हे घड्याळ शिरूर कासारात आले, तर त्याची काय गत होते पहा. येथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. गावची नदी सिंदफणा. पावसाळ्यात वाहते, उन्हाळ्यात वाळू दाखविते. दुष्काळी मुलूख, विहिरीला पाणी किती, हा बोलण्यातला पहिला प्रश्न. अशा कोरड्या मुलखात समुद्राचे घड्याळ कशाकरिता? ही नुसती थट्टा नव्हे. वेळ मोजण्याचे साधन हळूहळू दागिना कसे झाले, हा इतिहास या प्रश्नाच्या पोटात आहे. आणि त्याची सुरुवातही पाण्यापासूनच होते.

आपल्याकडे वेळ मोजत ती पाण्याने. तांब्याची एक पातळ वाटी, तिच्या बुडाशी बारीकसे छिद्र. ही वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडावयाची. छिद्रातून पाणी आत येते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडावयास जो काळ लागे ती एक घटिका, म्हणजे आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. साठ पळांची घटिका आणि साठ घटिकांचे अहोरात्र. लग्नाच्या मांडवात घटिकापात्र मांडून त्यावर मुहूर्त साधीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा पुष्कळांना ठाऊक आहे. मुहूर्ताच्या वेळी तिच्या अंगावरचा मोती घटिकापात्रात पडला, छिद्र बुजले आणि घटका कळलीच नाही. कथा खरी असो वा नसो, पण ते यंत्र कसे चाले आणि कशाने बंद पडे, हे त्या कथेने शेकडो वर्षे लोकांच्या ध्यानात ठेवले.

शब्दांकडे पहा. घड्याळात ‘घडी’ आहे, घडीच्या मुळाशी ‘घटी’ आहे, आणि घटीच्या मुळाशी पाण्याचा ‘घट’. घटका भरली की शिपाई धातूच्या थाळीवर टोला देई. त्या थाळीलाही ‘तास’ म्हणत. आपला साठ मिनिटांचा तास तिचाच वारस. शेतकऱ्याचा तास मात्र निराळा, तो नांगराने जमिनीत पडतो. आणि थाळी, घंटा, झांज या वस्तू काशाच्या. कासार हा शब्दच मुळी कांस्यकार या शब्दापासून आला. ज्या गावाच्या नावात कासार आहे, त्या गावाला घड्याळाचा इतिहास परका वाटू नये.

मात्र रोजच्या कामाला गावाने घटिकापात्रही कधी फारसे वापरले नाही. रामप्रहर, न्याहारीची वेळ, दिवेलागण, गोरज, एवढ्यावर काम भागे. ‘दिवस कासराभर वर आला’ म्हटले की ऐकणाऱ्याला वेळ कळे. बैलाचा कासरा हेच मोजमाप. ही वेळ ढोबळ खरी, पण ती सगळ्या गावाची एक होती. कोणाच्या खिशात ती वेगळी नव्हती.

मिनिटांची गरज लागली ती गिरणी, कचेरी, शाळा आणि आगगाडी आल्यावर. हिंदुस्थानात सर्वत्र एक प्रमाणवेळ १९०६ सालापासून सुरू झाली. पण मुंबई शहराने आपली जुनी, ३९ मिनिटे मागची वेळ पुष्कळ ठिकाणी १९५५ सालापर्यंत टिकवून धरली! कोणाची वेळ खरी, यावरून माणसे किती हट्टाला पेटतात याचा हा नमुना. बीडला तर आगगाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे आपल्याकडे मिनिटाची शिस्त लावली ती शाळेच्या टोलाने, एस.टी.च्या वेळापत्रकाने आणि रेडिओवरच्या बातम्यांनी. बातम्या लागल्या की घड्याळ जुळवून घ्यावयाचे, हा पुष्कळ घरांतला परिपाठ होता.

घड्याळ मनगटावर आले तेही फार जुने नाही. पुरुष घड्याळ खिशात ठेवीत, साखळीला अडकवून. मनगटावर बांधणे हे बायकांचे भूषण मानले जाई. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, हे मत पालटले. खंदकात एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढणार कसे? तेव्हा शिपायाने ते मनगटावर बांधले, आणि युद्ध संपल्यावर ते तेथेच राहिले.

मनगटावर आलेल्या घड्याळाचे दोन वैरी होते, धूळ आणि पाणी. आपल्या पूर्वजांच्या घटिकापात्राला पाणी आत आल्यावाचून वेळ कळत नसे. या नव्या यंत्रात पाण्याचा एक थेंब गेला की वेळ थांबे. १९२६ साली रोलेक्स कंपनीने चावी पेचाने घट्ट बसणारे, पाणी आत न घेणारे घड्याळ काढले आणि त्याला ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, हे नाव दिले. पुढल्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मर्सिडिस ग्लाइट्झ नावाची इंग्रज तरुणी इंग्लिश खाडीत पोहावयास उतरली. हे घड्याळ तिच्या गळ्यात होते. पाणी अतिशय थंड होते. कित्येक तास झुंजूनही तिला पैलतीर गाठता आला नाही, तिला बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र बरोबर चालू होते. कंपनीने लंडनच्या वर्तमानपत्राचे पहिले पान विकत घेऊन ही गोष्ट जगजाहीर केली. घड्याळ विकताना त्याबरोबर पराक्रमाची कथाही विकावी, हा धडा व्यापाऱ्यांनी तेव्हा गिरवला तो आजतागायत.

खऱ्या पाणबुड्याच्या घड्याळाला आणखी पंचवीस वर्षे लागली. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले. माणूस पाण्याखाली मोकळा हिंडू लागला, आणि त्याबरोबर एक नवे संकट आले. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात विरघळू लागतो. माणूस झटकन वर आला तर सोडावॉटरची बाटली फोडल्यावर बुडबुडे उठावेत तसे ते रक्तात उठतात. माणूस लुळा पडतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. म्हणून किती खोल गेलो आणि किती मिनिटे राहिलो, हे पाणबुड्याला नेमके ठाऊक असावे लागते. हवाही मोजकीच असते. येथे मिनिट चुकणे म्हणजे जीव गमावणे.

१९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीने या कामासाठी घड्याळ केले. फ्रेंच आरमाराच्या पाणबुड्यांनी आपल्या गरजा सांगितल्या होत्या, आणि कंपनीचा प्रमुख फीश्टर स्वतः बुड्या मारणारा होता. घड्याळाचे नाव ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे आपल्या भाषेत पन्नास वाव. दोन्ही हात पसरले की होते ती वाव. विहिरीची खोली परसात सांगणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे माप समजावून सांगावयास नको. त्याच सुमारास रोलेक्सचे ‘सबमरिनर’ही आले.

आता या घड्याळाच्या दांडगेपणाचा अर्थ लागतो. गढूळ, काळोख्या पाण्यात दिसावी म्हणून तबकडी मोठी. दाब सोसावा म्हणून डबी जाड. काटे चमकणारे, कारण खाली उजेड नाही. आणि ते फिरते कडे तर सर्वांत शहाणे. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची. मग किती मिनिटे झाली ते कड्यावर सरळ वाचता येते. पुढे हे कडे एकाच दिशेला फिरेल असे करण्यात आले. कारण असे की, कोठे धक्का लागून ते सरकलेच, तर घड्याळाने जास्त वेळ झाल्याचे दाखवावे, कमी कधीच नाही. चूक झालीच तर माणूस लवकर वर येईल, पण खाली अडकून राहणार नाही. घड्याळाच्या अंगावर एकही गोष्ट शोभेसाठी नव्हती.

महाराष्ट्राशी या कथेचा धागा जुळतो तो मुंबईत. फावर-लुबा ही जुनी स्विस पेढी एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या बाजारात उतरली. आपल्या लोकांनी तिचे ‘फेवर लुबा’ केले. तिची ‘सी-चीफ’, ‘सी-किंग’ ही घड्याळे एका पिढीच्या मनगटावर होती. नाव समुद्राचे, पण बांधणारे मास्तर, तलाठी, कारकून आणि बागायतदार. याच कंपनीने १९६८ साली ‘बॅथी’ नावाचे घड्याळ काढले. ते वेळेबरोबर पाण्याची खोलीही काट्याने दाखवी. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे करण्यास प्रारंभ केला, आणि ‘एचएमटी’ हे साधे, चावीचे, देशी घड्याळ गावोगाव पोहोचले. २०१६ साली सरकारने त्या घड्याळ-कंपनीला कुलूप लावण्याचा निर्णय घेतला. पण लग्नात मिळालेली एचएमटी आजही कित्येक घरांत पेटीत जपून ठेवलेली आढळते.

लग्नात मिळालेली, हे शब्द सहज तोंडी आले. पण येथे जरा थांबले पाहिजे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्याच काळात नवरदेवाचे घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही मागणी घरोघर होऊ लागली. जावयाच्या मनगटावरच्या त्या घड्याळासाठी कोणाच्या तरी बापाने रान गहाण टाकले. सायकलीची मोटार झाली, पण चाल तीच राहिली. म्हणून मोठे घड्याळ पाहिले की ते कोणी घेतले याबरोबर ते कोणाच्या पैशाने घेतले, हेही पाहावे.

इकडे त्या घड्याळाचे मूळ काम हळूहळू संपले. आज पाणबुडे मनगटावर छोटा संगणक बांधतात; खोली, मिनिटे आणि वर येण्याचा वेग तो सांगतो. मालवणजवळ तारकर्लीला समुद्रात उतरावयाचे शिक्षण मिळते; तेथेही भरवसा असतो तो अशा साधनांवर. जुने घड्याळ फार तर सोबतीला. वेळेच्या नेमकेपणाचे म्हणाल, तर १९६९ साली जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ आणले आणि सारा हिशेबच पालटला. आज बाजारातले दोन-चारशेचे सेलवरचे घड्याळ लाखांच्या चावीच्या घड्याळापेक्षा बहुधा अधिक बरोबर चालते. म्हणजे लाख रुपये वेळेसाठी दिलेले नसतात. कारागिरीसाठी, नावासाठी आणि चारचौघांनी पाहावे यासाठी दिलेले असतात.

यात पाप आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला कष्टाच्या पैशात परवडते, ज्याला यंत्राची आवड आहे, त्याने खुशाल घ्यावे. उत्तम घड्याळ दुरुस्त होत होत आजाकडून नातवाकडे जाते. ही टिकाऊपणाची किंमत लहान नव्हे. शिवाय सुंदर वस्तूची हौस माणसाला पूर्वीपासून आहे. गोठ-पाटल्या काय किंवा भिकबाळी काय, त्यांनी कोठे वेळ सांगितली?

घेणाऱ्याने एक व्यवहार मात्र ध्यानात ठेवावा. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिले म्हणजे ते बांधून तीस मीटर बुडी मारता येते असे नव्हे. तो आकडा कारखान्यातल्या स्थिर दाबाचा. असे घड्याळ हात धुताना, पावसाच्या शिंतोड्यात टिकेल इतकेच. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांसाठी निदान १०० मीटरचे हवे, चावी पूर्ण बसलेली हवी, आणि आतले रबरी वायसर काही वर्षांनी बदलले पाहिजेत. नकली घड्याळावरचे आकडे तर नुसते रंगविलेले असतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. वर्गात एक पातळ वाटी आणा, बुडाला बारीक छिद्र पाडा आणि बादलीतल्या पाण्यात सोडा. ती बुडावयास किती मिनिटे लागतात ते मुलांना मोजू द्या. छिद्र लहानमोठे करून २४ मिनिटे साधतात का पहा. एका तासिकेत गणित, विज्ञान आणि इतिहास तिन्ही शिकवून होतील. आणखी एक गोष्ट मुलांना आपोआप उमगेल. वाटीवर कोणी तरी लक्ष ठेवून बसावे लागते. मांडवातला तो माणूस स्वतःसाठी वेळ पाहत नसे. साऱ्या वऱ्हाडासाठी पाहत असे.

आपल्या भागातून दरसाल हजारो माणसे ऊसतोडीला जातात. गाडी रात्री किती वाजता येईल हे त्यांना कोणी सांगत नाही. थंडीत, लेकरे उराशी धरून ती वाट पाहतात. सभेला, ग्रामसभेला, कचेरीच्या दारात माणसे तासन्‌तास तिष्ठतात, आणि ज्याची वाट पाहावयाची त्याच्याच मनगटावर बहुधा सर्वांत मोठे घड्याळ असते. ज्याच्या हाताला घड्याळ नाही त्याचाही वेळ वेळच असतो; त्याचाही रोज बुडतो. दहा वाजता येतो म्हणून सांगितले तर दहा वाजता यावे. त्याला शंभर मीटर खोलीचे घड्याळ लागत नाही. भिंतीवरचे साधे घड्याळही त्याला पुरते.